मापाचं पोलकं

आमच्या घरात शिवणाचा टेप होता, पण तो कुठल्या बाईच्या अंगाला लागत नसे. खडकीत दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचं मशीन होतं, आणि गडीमाणसं पाळीवर गेली की त्या खोलीत बायकांची ये-जा सुरू व्हायची. प्रत्येक बाई नव्या कापडाबरोबर आपलं एक जुनं, अंगाला नीट बसणारं पोलकं आणायची. त्याला मापाचं पोलकं म्हणत. आई ते कापडावर पसरायची, कडेकडेनं खडूची रेघ ओढायची आणि बाईला बोटही न लावता बाईचं माप घ्यायची. "मागच्यापेक्षा जरा सैल कर", "गळा दोन बोटं वर घे" एवढंच बोलणं व्हायचं, तेही दोघींनी नजर कापडावर ठेवून. तीच बाई सासूच्या कागाळ्या मात्र साऱ्या वसाहतीला ऐकू जातील अशा आवाजात सांगायची. चार दिवसांनी नवं पोलकं घालून ती खिडकीखालून जायला लागली की आई मशीन थांबवून विचारायची, "काय वं, कुठं ओढून तं नाही राह्यलं?" आणि बाई न थांबता म्हणायची, "कुठंच नाही." हा सवाल-जवाब मी लहानपणी इतक्यांदा ऐकला आहे की कुणी नुसतं "कशी आहेस" विचारलं तरी माझ्या तोंडी पहिल्यांदा "कुठंच नाही" येतं. ब्लाउज हा शब्द आईच्या जिभेवर कधी बसला नाही. म्हणून मीही इथे तिचाच शब्द ठेवते.

आई-बाबा दोघंही वऱ्हाडातले. बाबा कारखान्यात लागले म्हणून ती इकडे आली. आली ती आपली बोली आणि आपला तिखटपणा बरोबर घेऊन, आणि दोन्हीतलं काही तिनं पुण्यात सांडू दिलं नाही. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तव्यावर भाकर पडायची, दुपारचा भोंगा झाला की मशीनला तेल मिळायचं. रुळांवरून गाडी गेली की मांडणीवरची फुलपात्रं किणकिणायची आणि त्या आवाजात आईच्या मशीनचा आवाज तेवढा वेळ बुडून जायचा. रविवारी गोळाभात. बेसनाचे गोळे घालून शिजवलेल्या त्या भातावर कडकडीत फोडणीचं तेल ओतलं की चर्र आवाज व्हायचा, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या जुबेदाभाभी ताट घेऊनच दारात उभ्या राहायच्या. भाभींचे मिया बाबांच्याच खात्यात होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं पुण्यातलं, त्यामुळे भाभींचं मराठी माझ्या आईपेक्षा शुद्ध, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. "शकू, तुझं मराठी ऐकलं की मला माझंच मराठी परकं वाटायला लागतं," असं त्या म्हणायच्या. आई म्हणायची, "मंग नका ऐकू, भाभी. भात खा आन् जा." भाभी खायच्या, पण जायच्या नाहीत.

मला शिवण शिकवताना आईनं पहिली गोष्ट शिकवली ती कापडाची घडी. पोलक्याचे पुढचे दोन भाग कधी वेगवेगळे कापायचे नाहीत. कापड दुहेरी घडी घालायचं, वर माप ठेवायचं, आणि एकाच कात्रीत डावं-उजवं दोन्ही कापून काढायचं. म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत. "घडी मोडली का बिघडलं," असं ती म्हणायची. घडी सरळ बसली नाही तर ती माझ्या हातावर खडू आपटायची. माझ्या डाव्या मनगटावर खडूचा पांढरा ठिपका नाही असा सुटीतला दिवस मला आठवत नाही.

एका वर्षी आमच्या वसाहतीच्या महिला मंडळानं बायकांच्या तपासणीचं ठरवलं. एक डॉक्टरीणबाई हॉलवर येऊन बसणार होत्या आणि छातीत गाठ वगैरे आहे का ते बघणार होत्या. मंडळाच्या चिटणीसबाईंनी फळ्यावर 'स्तनांची मोफत तपासणी' असं खडूनं लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्यातला पहिला शब्द कुणीतरी पुसून टाकला होता, आणि फळा नुसताच मोफत तपासणी सांगत उभा होता. वसाहतीत याची कुजबुज फार झाली, हसणंही झालं, पण नाव एकीनंही दिलं नाही. डॉक्टर बाई आहे असं सांगून झालं, आत कुणी पुरुष फिरकणार नाही असं सांगून झालं. "आम्हाला काय धाड भरलीय?" हे एकच उत्तर घरोघर मिळालं. शेवटी चिटणीसबाई आमच्याकडे आल्या. "तुमच्याकडे सगळ्याच येतात," त्या आईला म्हणाल्या, "तुम्हीच काहीतरी करा."

आईनं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. लगीनसराई तोंडावर आली होती आणि वसाहतीतल्या बहुतेक बायकांची मापाची पोलकी आमच्याच खोलीत होती. आईनं ती सगळी एका चादरीत बांधली आणि खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायला सुरुवात केली, "मापाचं पोलकं आन् नवं पोलकं, दोन्ही हॉलवर भेटंल. डॉक्टरीणबाईकडून होऊन ये, मंग घेऊन जाय." बायका आधी हसल्या, मग चिडल्या. एकीनं तर नवऱ्याला पाठवलं. आईनं दारातूनच विचारलं, "भाऊजी, पोलकं तुम्हाले घालायचं हाये का?" तो परत गेला तो गेलाच. उरल्यासुरल्या अस्तरांचे तुकडे जोडून तिनं एक पडदा शिवला, कुठे गुलाबी, कुठे पोपटी, कुठे जांभळा. हॉलच्या कोपऱ्यात तो दोरीवर टांगला, आत डॉक्टरीणबाईंची खुर्ची आणि एक बाकडं. पडद्याच्या कडेला आई बोचकं मांडीशी घेऊन बसली. बाई आत जायची, थोड्या वेळानं पदर सावरत बाहेर यायची, आई बोचक्यातून तिचं पोलकं काढून तिच्या हातात द्यायची. रेशनच्या दुकानासारखी रांग लागली. रांगेतल्या थट्टेनं हॉल नुसता दुमदुमून गेला होता, आणि मी आईच्या बाजूला बसून पोलकी ओळखून काढून देत होते. इतकी हसरी आई मी त्यानंतर पाहिली नाही.

डॉक्टरीणबाई आत प्रत्येकीला तेच तेच समजावत होत्या, आणि पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. महिन्यातून एकदा, पाळी होऊन गेल्यावर, स्वतःच्या हातानं चाचपून बघा. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंडातून येणारं पाणी, काखेतली सूज, काहीही वेगळं वाटलं तर दाखवा. सगळ्या गाठी वाईट नसतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि दुखत नाही म्हणून घरी बसू नका, अशी गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. हे शेवटचं वाक्य त्या प्रत्येकीला दोनदा सांगत. जुबेदाभाभी आत गेल्या तेव्हा मात्र आतलं बोलणं खालच्या आवाजात झालं आणि बराच वेळ चाललं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिठ्ठी होती. आईनं पुढे केलेलं पोलकं त्यांनी घेतलं नाही. "तुझ्या या पोलक्यापायी, शकू," एवढंच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. भाभींच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ निघाली होती.

हॉल रिकामा झाला. डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "आता तुम्ही या. तुमचं राहिलंय." आई पडदा सोडवत होती. ती म्हणाली, "माझं पोलकं तं माझ्या अंगावरच हाये बाई, मले कोण अडवून राह्यलं?" डॉक्टरीणबाई हसल्या, चिटणीसबाई हसल्या, मीही हसले. आईनं पडद्याची घडी घातली, रिकाम्या चादरीत गुंडाळली, आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी बोचक्यात सगळ्या वसाहतीची पोलकी होती, फक्त तिचं नव्हतं.

भाभींचं ऑपरेशन झालं, मग त्यांना शेक द्यायला सुरुवात झाली. रेडिएशनला तेव्हा सगळे शेकच म्हणत. लवकर सापडलं, असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आई रोज त्यांच्या घरी डबा पाठवायची, आणि भाभी डब्याबरोबर टोमणा परत पाठवायच्या, "सांग तुझ्या आईला, मीठ कमी आहे." यावरून आम्हाला त्या बऱ्या होत आहेत हे कळायचं.

पुढच्या सुटीत मी बाहेरच्या खोलीत काज करत बसले होते. आई स्वतःसाठी पोलकं बेतत होती, मामेबहिणीच्या लग्नाला जायचं होतं. तिनं कापड पसरलं, नेहमीसारखी दुहेरी घडी घातली, खडू हातात घेतला, परत ठेवला. मग तिनं घडी मोडली. कापड एकेरी केलं आणि आधी एक भाग कापला, मग दुसरा. मी काज करायची थांबले. "आई, घडी मोडलीस?" मी विचारलं. "कापड कमी हाये," ती म्हणाली. कापड कमी नव्हतं. तिच्या पायाशी वीतभर उरलं होतं. सुई मी बोटात घालून घेतली होती एवढं आठवतं.

ती न्हाणीत गेली तेव्हा मी खुंटीवरचं तिचं रोजचं पोलकं काढलं आणि डावी बाजू उजवीवर ठेवून बघितली. डावी बाजू बाहेर येत होती, चांगली बोटभर. आतली शिलाई उसवून सैल केलेली होती, एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. आतून बाबांच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडाची चौघडी लावली होती आणि तिच्यावर पिवळसर डाग होता. काम इतकं सफाईचं होतं की अंगावर कुणाला काही दिसणं शक्यच नव्हतं. माझी आई खडकीतली सगळ्यात हुशार शिंपीण होती, आणि आपल्या छातीतला आजार तिनं तिच्या हातातल्या एकाच कलेनं बरा करायला घेतला होता. तो जसा वाढेल तशी ती शिलाई सोडत गेली होती.

मी भाभींकडे पळाले. त्या पोळ्या लाटत होत्या. मी काय बोलले कोण जाणे, पण त्यांनी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच आमच्याकडे आल्या, दार लावून घेतलं, खिडकी लावली. आई केस पुशीत बाहेर आली होती. "पदर काढ, शकू," भाभी म्हणाल्या. आई म्हणाली, "काहून? हे काय खूळ?" तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पोलक्याकडे बघितलं, आणि मशीनच्या स्टुलावर जाऊन बसली. पायट्यावर पाय ठेवून उगाच मशीन चालवायला लागली, कापड नसलेलं, दोरा नसलेलं. भाभींनी चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "अख्ख्या वसाहतीसमोर मी तुझ्या त्या रंगीबेरंगी पडद्यामागे गेले," त्या म्हणाल्या, "आणि तुला माझ्यासमोर लाज वाटते?" आईनं मग माझ्याकडे पाठ केली आणि पदर खाली घेतला. मला दिसला तो भाभींचा चेहरा. त्यांनी फक्त आईच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर आई उठली तेव्हा तिच्या खांद्यावर पिठाची पाच बोटं होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईला ओळखलं. "तुम्हीच ना पडद्याशी बसला होतात?" असं त्यांनी विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे होते. जन्मभर दारूगोळ्याशेजारी काम केलेला माणूस, पण डॉक्टरांनी "काखेतही गेलंय" म्हटल्यावर भिंत धरून खाली बसला. ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. शेक झाले, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले. बाबा घरी गोळाभात करायला लागले. गोळे फुटून त्याचं पिठलं व्हायचं, आणि आई ते गुमान खायची. तिनं भातात दोष काढला नाही हे पाहून मी न्हाणीत जाऊन रडले होते.

वॉर्डात एकदा भाभींनी तिला सरळ विचारलं, "हॉलवर होतीस तेव्हा ठाऊक होतं तुला?" आई म्हणाली, "व्हय." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मी पहिली आत गेली असती आन् रडत बाहेर आली असती, तं मागच्या साऱ्याजणी पोलके टाकून पळाल्या असत्या. तुम्ही बी पळाल्या असत्या, भाभी." भाभींनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि त्या निघाल्या. मला मात्र हे उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि आज साठी ओलांडली तरी पटत नाही. सगळ्या घरी गेल्या होत्या, हॉल रिकामा होता, डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून बोलावलं होतं. तेव्हा कोण पळणार होतं? भाभी गेल्यावर मी आईला हेच विचारलं. मी चिडले होते, आणि आजारी माणसावर चिडायचं नसतं एवढी अक्कल मला त्या वयात नव्हती, फारशी अजूनही नाही. आईनं लपवलं नाही. "दुखत नव्हतं ना वं," ती म्हणाली. "मले वाटलं, दुखलं का जाऊ. आन् बाई आतून सांगून राह्यली, दुखत नाही तेच वाईट. ते ऐकलं आन् मी पोलके वाटत राह्यली. आत गेली असती तं त्याले नाव पडलं असतं. बिननावाचं होतं तोपर्यंत ते माझं होतं." मग ती म्हणाली, "भेली मी, मंदे. दुसरं काही नाही." आई घाबरते ही गोष्टच मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

घरी आल्यावर, हात थोडा वर जायला लागल्यावर, ती पुन्हा मशीनवर बसली. पण आता तिनं बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून तोच अस्तरांचा पडदा टांगला. कुणी मापाचं पोलकं पुढे केलं की ती ते परत द्यायची. "हे घरी ठेव. इकडे ये." पडद्यामागे नेऊन ती स्वतः टेप लावायची, आणि टेप लावता लावता विचारायची, "न्हातानी हात फिरवतं का? कधी फिरवला होता? सांग खरं." पुष्कळजणी लाजायच्या, काही कुरकुरायच्या. तेव्हा ती पदर बाजूला करून आपली डावी बाजू त्यांना दाखवायची. मग कुणी कुरकुरत नसे. कितीजणींना तिनं त्या पडद्यामागून दवाखान्यात धाडलं ते मला माहीत नाही. बहुतेकींचं काहीच निघालं नाही, आणि त्या परत येऊन "उगाच घाबरवलंस" म्हणून भांडायच्या, तेव्हा आई साखर हातावर ठेवायची.

आता मी कर्वेनगरला राहते. आईला झालेलं म्हणून डॉक्टरांनी मला चाळिशीच्या आधीपासूनच तपासण्यांना लावलं, आणि मी आजतागायत एकही चुकवलेली नाही. मॅमोग्राफीच्या मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबतात, आणि ते काही सुखाचं नसतं. तिथली मुलगी दर वेळी म्हणते, "काकू, रिलॅक्स, एकच सेकंद, श्वास होल्ड करा." मी धरते. आमच्या सोसायटीतल्या शिकलेल्या, गाड्या चालवणाऱ्या, लॅपटॉपवर रात्रंदिवस बसणाऱ्या मुली मला सांगतात, "काकू, आत्ता ॲक्च्युअली टाइमच नाहीये, आणि मला काही त्रासही नाही." मी त्यांना पुणेरी भाषेत सांगते की त्रास झाल्यावर येणार असाल तर सवडीनं या, घाई नाही. त्या हसतात. एखादी घरी जाऊन अपॉइंटमेंट घेतेही.

तेव्हा, ऑपरेशननंतर, दीड-दोन वर्षं बरी गेली. मग आईची पाठ दुखायला लागली, आणि हे दुखणं हाडांतलं होतं. या खेपेला तिनं काही लपवलं नाही, आणि या खेपेला डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. ती मशीनवर बसेनाशी झाली. खिडकीखालून बायका जायच्या त्या मान खाली घालून, पाय न वाजवता, आणि मला त्यांचा राग यायचा. एका दुपारी तिनं मला ट्रंकेतून कापड काढायला सांगितलं. हिरवं, सुती, बारीक काठाचं. "याचं माझं पोलकं तू शीव," ती म्हणाली. मी खुंटीवरचं तिचं जुनं पोलकं मापाला काढायला लागले, तशी ती म्हणाली, "ते नको. टेप आण."

ती पडद्यामागे उभी राहिली, भिंतीला एका हातानं धरून. मी तोपर्यंत आईला कधी टेप लावला नव्हता. उजवी बाजू सुकलेली, डावीकडे नुसती सपाट, तिरका व्रण काखेपर्यंत गेलेला, आणि कातडी शेकानं काळवंडलेली. मी टेप तिथे सैल धरला. "लाजू नको," ती म्हणाली. "आन् सैल नको धरू. आहे तसं घे." भाभींनी तिला आत घालायला कापसाची गादी करून दिली होती, त्याबद्दल मी विचारलं. "आता कोणाले फसवायचं?" ती म्हणाली. मी माप घेतलं. कापड खाली पसरलं, आणि सवयीनं घडी घालायला लागले. पलंगावरून ती बघत होती. मी थांबले, घडी मोडली, कापड एकेरी केलं आणि डावं वेगळं, उजवं वेगळं कापलं. माझे डोळे इतके भरून आले होते की खडूची रेघ दिसत नव्हती. "हळू," ती म्हणाली, "कात्री सरळ चालू दे." पोलकं झालं तेव्हा मी म्हटलं, घालून बघ. तिनं नाही म्हटलं. जन्मात दुसरीला "ओढून तं नाही राह्यलं?" विचारल्याशिवाय न सोडणाऱ्या बाईनं आपलं पोलकं घालूनसुद्धा बघितलं नाही. हाताला कापड लावून बघितलं, टीप बघितली, आणि म्हणाली, "हूक लावून ठेव. वेळेवर सापडलं पाहिजे." हिरवंच का, हे मी विचारलं नाही. बाबा मागे राहणार होते, ती सवाष्ण जाणार होती, आणि तिनं रंग निवडून ठेवला होता.

ती गेली तेव्हा सकाळचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. बायका जमल्या. सवाष्णीचं सगळं करायला लागल्या, हळद आली, कुंकू आलं, हिरव्या बांगड्या आल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोलकं कुठलंही सैलसं घाला, वरून लुगडं येणारच आहे, कोण बघतंय?" दाराशी उभ्या असलेल्या जुबेदाभाभी म्हणाल्या, "शकू बघतेय." त्यांना आत घ्यावं की नाही असा त्या म्हातारीला प्रश्न पडला असावा, पण तोवर भाभी आत येऊन आईच्या उशाशी बसल्याही होत्या. मी ट्रंकेतून पोलकं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आणि मी मिळून ते आईला घातलं. आधी डावा हात, जो शेवटी शेवटी उचलत नव्हता, मग उजवा. भाभींनी खालून वर एकेक हूक लावला. डावी बाजू अंगाला सपाट बसली, उजवी उजवीसारखी, कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही. खिडकीशी मशीन झाकलेलं होतं. भाभींनी काखेशी मुंढ्याखालून दोन बोटं फिरवून बघितली, बाही सारखी केली, आणि आईच्या तोंडाजवळ वाकून, तिनं विचारलं असतं ते ऐकल्यासारखं, म्हणाल्या, "नाही गं शकू. कुठंच नाही."